तलावाच्या काठाला हवामानाचे गुण : 'बीच'चं सूत्र विदर्भात कसं वापरायचं आणि कुठे दुरुस्त करायचं

कमाल तापमान ४३ अंश, आभाळात चार-दोन ढग, पावसाचा थेंब नाही, वारा ताशी १२ किलोमीटर. समुद्रकिनाऱ्याच्या पर्यटनासाठी जगभर वापरलं जाणारं हवामानाचं सूत्र या दिवसाला १०० पैकी ७९ गुण देतं. शेरा: 'फार चांगलं'. नवतपातल्या अशा दुपारी भंडारा-गोंदियातल्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर कोणी पाहुण्याला बसवलं, तर संध्याकाळपर्यंत त्याला सलाईन लावावी लागेल.

गणितात चूक नाही. सूत्र ज्या काठासाठी तयार झालं तो काठ वेगळा आहे, एवढंच. नवेगावबांध, खिंडसी, इटियाडोह, बोर अशा पाण्याच्या आसपास होमस्टे, कृषी पर्यटन केंद्र किंवा बचत गटाचा बोटीचा व्यवसाय चालवणाऱ्यांना हे सूत्र खूप उपयोगी पडतं. पण आधी ते जसंच्या तसं समजून घ्यावं लागतं आणि मग दोन-तीन ठिकाणी दुरुस्त करावं लागतं. पुढची रीत त्यासाठी आहे. लागेल ते एवढंच: एक वही किंवा एक्सेलची फाईल, चार आकड्यांची रोजची नोंद, आणि बेरीज-गुणाकार.

सूत्र आलं कुठून

पर्यटनासाठी हवामानाला गुण देण्याची पहिली नावाजलेली पद्धत १९८५ साली कॅनडातल्या मिएचकोव्स्की यांनी मांडली. तिचं नाव टुरिझम क्लायमेट इंडेक्स. दुपारचा सुखदपणा ४० गुण, दिवसभराचा सुखदपणा १०, पाऊस २०, सूर्यप्रकाशाचे तास २०, वारा १०. तिचे दोन दोष लवकर लक्षात आले. ही वजनं बहुतांशी अभ्यासकाने स्वतःच्या अंदाजाने ठरवलेली होती, आणि सगळा हिशेब महिन्याच्या सरासरीवर होता. महिन्यात ३०० मिलिमीटर पाऊस तीन रात्रींत पडला की महिनाभर झड लागली, हे सरासरीला कळत नाही. पर्यटकाला मात्र या दोन्हींतला फरक चांगलाच कळतो.

२०१६ साली डॅनियल स्कॉट आणि सहकाऱ्यांनी हॉलिडे क्लायमेट इंडेक्स मांडला. यात रोजची नोंद लागते आणि वजनं पर्यटकांच्या पाहण्यांवरून ठरवलेली आहेत. त्याचं किनाऱ्यासाठीचं रूप असं:

एकूण गुण = (२ × उष्मा) + (४ × आभाळ) + (३ × पाऊस) + (१ × वारा)

प्रत्येक घटकाला साधारण ० ते १० गुण. म्हणजे उष्म्याला जास्तीत जास्त २०, आभाळाला ४०, पावसाला ३० आणि वाऱ्याला १०. किनाऱ्यावर येणाऱ्याला ऊन हवं असतं. त्याने त्यासाठीच पैसे मोजलेले असतात. शिवाय तापलं तर समोर पाणी आहेच. म्हणून आभाळ ४० आणि उष्मा फक्त २०. याच इंडेक्सचं शहर पाहणाऱ्यांसाठीचं रूप आहे, त्यात उष्मा ४० आणि आभाळ २०. ही अदलाबदल पुढे कामाला येईल.

शेरे दोन्हीकडे साधारण सारखे: ९० च्या वर आदर्श, ८० ते ८९ उत्तम, ७० ते ७९ फार चांगलं, ६० ते ६९ चांगलं, ५० ते ५९ चालेल, ४० ते ४९ जेमतेम, त्याखाली प्रतिकूल.

पायरी १ : उष्म्याचा आकडा काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

सूत्राला नुसतं तापमान चालत नाही, 'जाणवणारं तापमान' लागतं. त्यासाठी कॅनडातलीच ह्युमिडेक्स नावाची रीत वापरतात: हवेतल्या बाष्पाचा दाब हेक्टोपास्कलमध्ये घ्यायचा, त्यातून १० वजा करायचे, उरलेल्याला ०.५५५५ ने गुणायचं आणि उत्तर कमाल तापमानात मिळवायचं. दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की दव धरू लागतं ते तापमान) माहीत असेल तर आकडेमोड करायचीही गरज नाही. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा:

दवबिंदू १० अंश : बाष्पदाब १२.३ : मिळवा १.३
दवबिंदू १२ : १४.० : मिळवा २.२
दवबिंदू १४ : १६.० : मिळवा ३.३
दवबिंदू १६ : १८.२ : मिळवा ४.५
दवबिंदू १८ : २०.६ : मिळवा ५.९
दवबिंदू २० : २३.४ : मिळवा ७.४
दवबिंदू २२ : २६.४ : मिळवा ९.१
दवबिंदू २४ : २९.८ : मिळवा ११.०
दवबिंदू २६ : ३३.६ : मिळवा १३.१

दवबिंदू ७ च्या खाली गेला तर उत्तर उणे येतं. तेव्हा शून्य धरा.

आता चूक कुठे होते ते. बहुतेक जण दिवसाचं कमाल तापमान घेतात आणि त्याला दिवसाची सरासरी आर्द्रता जोडतात. कमाल तापमान दुपारी अडीच-तीनचं असतं, सरासरी आर्द्रतेत मात्र पहाटेची दमट हवा मिसळलेली असते. दोन वेगळ्या वेळांची ही जोडी खोटं बाष्प तयार करते. डिसेंबरमधला दिवस घ्या: कमाल २८, सरासरी आर्द्रता ६० टक्के. या जोडीतून जाणवणारं तापमान ३५ येतं. त्याच दिवशी दवबिंदू १२ आहे. तक्त्याप्रमाणे २८ अधिक २.२, म्हणजे ३०.२. पहिल्या आकड्याला ६ गुण मिळतात, दुसऱ्याला १०. विदर्भातला सगळ्यात चांगला महिना निव्वळ आकडेमोडीत नापासांच्या रांगेजवळ येऊन बसतो. गंमत म्हणजे मे महिन्यात हीच चूक दिसत नाही, कारण तिथे दोन्ही उत्तरांना शून्यच मिळतं. म्हणून फाईल तपासताना डिसेंबर-जानेवारी तपासा.

इलाज सोपा आहे. दवबिंदू दिवसभरात तापमानाइतका हलत नाही. मिळाला तर तोच घ्या. न मिळाल्यास संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणातलं तापमान आणि आर्द्रता एकत्र घेऊन त्यावरून बाष्पदाब काढा. सकाळी साडेआठची आर्द्रता दुपारच्या तापमानाला कधीही जोडू नका.

जाणवणाऱ्या तापमानाचे गुण:

३९ किंवा जास्त : ०
३८ ते ३९ : २
३७ ते ३८ : ४
३६ ते ३७ : ५
३५ ते ३६ : ६
३४ ते ३५ : ७
३३ ते ३४ : ८
३१ ते ३३ : ९
२८ ते ३१ : १०
२६ ते २८ : ९
२३ ते २६ : ७
२२ ते २३ : ६
२१ ते २२ : ५
२० ते २१ : ४
१९ ते २० : ३
१८ ते १९ : २
१७ ते १८ : १
१५ ते १७ : ०
१० ते १५ : उणे ५, त्याखाली उणे १०

खालची मर्यादा त्याच ओळीत धरायची. म्हणजे नेमके ३१ आले तर ९ गुण, १० नाही.

ह्युमिडेक्सचा स्वभावही ओळखून असा. मेमध्ये कोकणात तापमान ३३ आणि दवबिंदू २५ असेल तर उत्तर ४५ येतं. त्याच दिवशी विदर्भात ४३ आणि १२ असेल तरी उत्तर ४५ च. एकीकडे घामाच्या धारा आणि खारा वारा, दुसरीकडे घाम यायच्या आधीच वाळवणाऱ्या झळा. तापलेली जमीन आणि थेट ऊन हे या आकड्यात कुठेच नाहीत. सावली नसलेल्या पाळीवर प्रत्यक्ष त्रास आकड्यापेक्षा जास्तच असतो.

पायरी २ : आभाळ, पाऊस, वारा

आभाळ डोळ्यांनी मोजता येतं. पाळीवर उभं राहून आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करा आणि ढगांनी किती भाग झाकलेत ते लिहा. हवामान खात्याचे निरीक्षकही असंच मोजतात. या एककाला ऑक्टा म्हणतात. गुण असे:

० भाग : ८
१ भाग : ९
२ भाग : १०
३ भाग : ८
४ भाग : ७
५ भाग : ६
६ भाग : ५
७ भाग : ३
८ भाग : २

पूर्ण निरभ्र आभाळाला दहा नाहीत, दोन भाग ढगांना आहेत. फोटो काढणारा कोणीही याचं कारण सांगेल. क्षितिजाजवळचे ढग बाजूने दिसतात म्हणून जास्त वाटतात. नवखा माणूस त्यामुळे नेहमी एखादा भाग वाढवून लिहितो. पहिला महिना दोघांनी वेगवेगळं मोजून ताडून पाहिलं की नजर बसते.

दिवसभराचा पाऊस: अजिबात नाही १०, तीन मिलिमीटरच्या आत ९, तीन ते सहा ८, सहा ते नऊ ६, नऊ ते बारा ४, बारापेक्षा जास्त ०, पंचवीसच्या वर उणे १.

वारा ताशी किलोमीटरमध्ये: पूर्ण शांत ८, दहाच्या आत १०, दहा ते वीस ९, वीस ते तीस ८, तीस ते चाळीस ६, चाळीस ते पन्नास ३, पन्नास ते सत्तर ०, सत्तर आणि पुढे उणे १०.

पायरी ३ : आकडे आणायचे कुठून

मागच्या वर्षांचे आकडे आणि आजचे आकडे, या दोन वेगळ्या गरजा आहेत.

मागच्या वर्षांसाठी नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ हे जवळचे आधार. पाऊस महसूल मंडळनिहाय मिळतो, आणि तो तालुक्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी बरा, कारण जुलैमधल्या सरी एका शिवारात पडतात आणि दुसऱ्यात नाही. जवळ केंद्रच नसेल तर नासाचा 'पॉवर' संच १९८१ पासूनचे रोजचे आकडे फुकट देतो, त्यात दवबिंदूही असतो. युरोपचा 'ईआरए-५' संच १९४० पासून तासातासाचा आहे. हे दोन्ही संच मोठ्या चौकटीची सरासरी देतात: पॉवरची चौकट साधारण ५० किलोमीटरची, ईआरए-५ ची ३० च्या आसपास. चिखलदऱ्यासारखं सुमारे ११०० मीटर उंचीवरचं ठिकाण अशा चौकटीत पायथ्याच्या गावांबरोबर मिसळून जातं आणि आहे त्यापेक्षा गरम दिसतं. सपाटीवरच्या तलावांना हा त्रास फारसा नाही.

ईआरए-५ ची वेळ ग्रीनिचची असते. त्यात साडेपाच तास मिळवल्याशिवाय दिवस पाडू नका, नाहीतर तुमचा 'दिवस' पहाटे साडेपाचला सुरू होईल आणि रात्रीचा पाऊस भलत्या तारखेत जाईल.

तारखेचा दुसरा सापळा घरचा आहे. हवामान खात्याचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात आणि वाचन झालं त्या तारखेला लिहितात. मंगळवारी दुपारी चार वाजता कोसळलेला पाऊस वहीत बुधवारी दिसतो. गुण काढण्याआधी पावसाचा रकाना एक दिवस मागे सरकवा. हे राहून गेलं तर कोरड्या बुधवारी बोटी बंद ठेवायला हव्या होत्या, असं फाईल सांगते आणि भिजलेल्या मंगळवारला पूर्ण गुण देते.

रोजची नोंद स्वतः ठेवायची असेल तर तीन वस्तू पुरतात.

पर्जन्यमापक: बाजारात १६ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं घ्या. त्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे खालच्या बाटलीत जमलेले दर २० मिलिलिटर पाणी हा १ मिलिमीटर पाऊस. मोजायला औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज चालते. नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि अगदी समपातळीत हवी. झाड किंवा भिंत त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असू द्या. छपरावर ठेवला तर वारा थेंब उडवून नेतो आणि पाऊस कमी भरतो.

तापमापक: दोन सारखे, सावलीतल्या जाळीदार पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, दार उत्तरेला. पेटी सिमेंटच्या ओट्यावर किंवा टिनाच्या शेडजवळ लावू नका; रात्री ओटा आणि दुपारी टिन दोन्ही आकडे चढवतात. दुसऱ्या तापमापकाच्या फुग्याला मलमलची वात गुंडाळून तिचं टोक पाण्यात सोडा. पाणी पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं घ्या. विहिरीच्या जड पाण्याने वातीवर क्षार बसतात, ती नीट ओली होत नाही, ओला तापमापक जास्त तापमान दाखवतो आणि हवा आहे त्यापेक्षा दमट भासते. वात उन्हाळ्यात दर आठवड्याला बदला.

ओल्या आकड्यावरून बाष्पदाब असा काढायचा: वरच्या तक्त्यात ओल्या तापमानासमोरचा बाष्पदाब पाहा, कोरड्या-ओल्यातला फरक ०.६५ ने गुणून त्यातून वजा करा. समजा कोरडा ३४, ओला २०. तक्त्यात २० समोर २३.४. फरक १४, गुणिले ०.६५ म्हणजे ९.१. बाष्पदाब १४.३. त्यातून १० वजा, ०.५५५५ ने गुणून २.४. जाणवणारं तापमान ३६.४, गुण ५. हा ०.६५ हातपंख्याने दोन मिनिटं वारा घातल्यावरचा. पेटीत वारा न घालता वाचलं तर ०.७८ धरा. दोन्ही आकडे समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या आसपासच्या गावांसाठी आहेत. चिखलदऱ्याला ते अनुक्रमे ०.५९ आणि ०.७१ होतात.

वाऱ्यासाठी हातात धरायचं यंत्र असेल तर लक्षात ठेवा की सूत्रातला वारा दहा मीटर उंचीवरचा असतो. मोकळ्या जागी दोन मीटरवर मोजलेल्या वाऱ्याला १.३ ने गुणा. यंत्र नसेल तर झाडं पाहा: पानं सळसळली तर ६ ते ११, बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या तर १२ ते १९, धूळ आणि कागद उडाले तर २० ते २८, लहान झाडं डोलायला लागली आणि तलावावर फेसाळ लाटा उठल्या तर २९ ते ३८.

पायरी ४ : गुण काढून पाहा

चार नमुन्याचे दिवस घेऊ. आकडे रीत समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे वेगळे येतील.

डिसेंबर: कमाल २८, दवबिंदू १२, ढग १ भाग, पाऊस नाही, वारा ६. उष्मा १०, आभाळ ९, पाऊस १०, वारा १०. बेरीज २० + ३६ + ३० + १० = ९६.

मे: कमाल ४३, दवबिंदू १२, ढग २, पाऊस नाही, वारा १२. उष्मा ०, आभाळ १०, पाऊस १०, वारा ९. बेरीज ० + ४० + ३० + ९ = ७९.

जुलै: कमाल ३१, दवबिंदू २५, ढग ७, पाऊस १० मिलिमीटर, वारा १५. उष्मा ०, आभाळ ३, पाऊस ४, वारा ९. बेरीज ० + १२ + १२ + ९ = ३३.

ऑक्टोबर: कमाल ३३, दवबिंदू २०, ढग ३, पाऊस नाही, वारा ६. उष्मा ०, आभाळ ८, पाऊस १०, वारा १०. बेरीज ० + ३२ + ३० + १० = ७२.

म्हणजे या सूत्राच्या मते मे ऑक्टोबरपेक्षा सरस. उष्म्यात शून्य मिळालेला विद्यार्थी आभाळ आणि पावसाच्या जोरावर पहिल्या वर्गात पास झाला.

एक्सेलमध्ये हे करताना गुणांचे तक्ते वेगळ्या पानावर खालच्या मर्यादेनुसार चढत्या क्रमाने लावा आणि व्ही-लुकअपमध्ये 'अंदाजे जुळणी' ठेवा. क्रम उलटा असेल तर चूक न दाखवता भलतेच गुण येतात. दुसऱ्या ठिकाणाहून चिकटवलेले आकडे कधीकधी मजकूर म्हणून बसतात. ते रकान्यात डावीकडे चिकटलेले दिसतात, त्यावरून ओळखा.

पायरी ५ : सूत्र आपल्या काठाला बसवा

पहिली दुरुस्ती वजनांची. तलावाच्या काठी येणारा पाहुणा अंग भाजून घ्यायला येत नाही. तो सावलीत बसतो, नाव फिरवतो, पक्षी पाहतो, रोडगे-वांग्याची भाजी खातो. त्यामुळे शहरी रूपातली वजनं इथे जास्त शोभतात: उष्मा ४, आभाळ २, पाऊस ३, वारा १. डिसेंबर ९८ वर जातो, जुलै २७ वर, ऑक्टोबर ५६ वर. मे? ५९. 'चालेल.' नुसत्या वजनांनी भागत नाही.

म्हणून दुसरी दुरुस्ती नकाराधिकाराची, आणि खरी महत्त्वाची हीच. २००८ साली डी फ्रायटस, स्कॉट आणि मॅकबॉइल यांनी किनाऱ्यासाठीच मांडलेल्या निर्देशांकात हे तत्त्व आहे: जोराचा पाऊस किंवा वारा असेल तर बाकी सगळं कितीही छान असो, दिवस वाईटच. त्यांच्या यादीत आपल्या झळांची भर घाला. कामाला येणारे नियम असे ठेवता येतील:

उष्म्याला ० मिळाले तर एकूण गुण ३९ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत.

कमाल ४५ गाठणार असेल, किंवा हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल, तर ११ ते ५ या वेळेला गुणच द्यायचे नाहीत. ती वेळ बंद. सपाटीवर कमाल निदान ४० आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा थेट ४५ असेल, तर खातं लाट जाहीर करतं. किनाऱ्यावर ४० च्या जागी ३७ धरतात.

वारा ३० च्या वर गेला की बोटीला शून्य, काठावरच्या बाकी कामांना नेहमीचे गुण.

गडगडाट ऐकू आला की पाण्यावरचं सगळं बंद, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास. मार्च ते जूनमधल्या दुपारच्या वादळांत दिवसाची बेरीज ८५ असू शकते आणि वीस मिनिटं जीवघेणी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप नावाड्याच्या मोबाईलमध्ये असलंच पाहिजे.

आता ऑक्टोबरवर अन्याय झाला, कारण पहिल्या नियमाने तोही ३९ वर अडकतो. त्यासाठी तिसरी दुरुस्ती: दिवसाला गुण देऊ नका, वेळेला द्या. दिवसाचे तीन तुकडे पाडा, सकाळी ६ ते ९, दुपारी ११ ते ४, संध्याकाळी ४ ते साडेसहा, आणि त्या-त्या वेळेचं तापमान, ढग, पाऊस, वारा घ्या. पाऊसही त्या वेळेत पडला तेवढाच. ऑक्टोबरची संध्याकाळ: तापमान ३०, दवबिंदू १९, जाणवणारं साधारण ३६.६, गुण ५. नव्या वजनांनी २० + १६ + ३० + १० = ७६. आणि मे महिन्यातली पहाट: तापमान ३०, दवबिंदू १४, जाणवणारं ३३.३, गुण ८. ढग २, वारा ८. ३२ + २० + ३० + १० = ९२. संध्याकाळी साडेपाचला मात्र तापमान अजून चाळिशीत, उष्मा शून्य.

इथे एक बोलकी गोष्ट दिसते. ताडोब्याला एप्रिल-मेच्या भर उन्हात गर्दी असते, कारण पाणवठे आटतात आणि वाघ पाण्यावर येतो. सकाळच्या सफारीच्या गाड्या पहाटे सुटतात. दिवसाच्या कमाल तापमानावर काढलेला निर्देशांक या गर्दीला वेडेपणा ठरवेल; पहाटेचा ९२ तिचं निम्मं उत्तर देतो. उरलेलं निम्मं वाघाचं आहे, आणि त्याचा रकाना कुठल्याच सूत्रात नाही.

वजनं तुमच्या पाहुण्यांची असावीत असं वाटत असेल तर निघताना प्रत्येकाला दहा चिंचोके द्या आणि उष्मा, आभाळ, पाऊस, वारा असे चार वाटे समोर ठेवा: ज्याचा जास्त त्रास किंवा आनंद, त्यात जास्त चिंचोके. शंभरेक जणांचे वाटे जमले की टक्केवारीच तुमची वजनं. हिवाळ्यातले आणि उन्हाळ्यातले पाहुणे वेगळे मोजा. डिसेंबरात विचारलं तर उष्म्याला कोणी चिंचोका घालत नाही.

पायरी ६ : वर्षाची दिनदर्शिका

निदान दहा वर्षांचे, जमल्यास तीस वर्षांचे आकडे घ्या. प्रत्येक दिवसाच्या तिन्ही वेळांचे गुण काढा. मग महिन्याची सरासरी काढू नका. शेतीच्या सल्ल्यात वापरतात ते ५२ हवामान आठवडे घ्या आणि प्रत्येक आठवड्यात ७० किंवा जास्त गुणांच्या वेळा शंभरात किती, ते लिहा. सरासरी ६० हा आकडा रोज ६० मुळेही येतो आणि निम्मे दिवस ९५, निम्मे २५ असले तरीही येतो. पहिल्या आठवड्याचं आगाऊ बुकिंग घ्यायला हरकत नाही. दुसऱ्यासाठी पैसे परत करण्याची अट आधीच छापून ठेवावी लागते.

जून आणि सप्टेंबरचे आठवडे असे दुभंगलेले निघतात. त्यांचं बुकिंग तीन-चार दिवस आधीच्या अंदाजावर घ्या. हिवाळ्यात दिवसाच्या गुणांना भुलून तंबू लावू नका: दुपारी ९८ असलेल्या दिवशी पहाटे पारा दहाच्या खाली जाऊ शकतो आणि पाण्याकाठी तो जास्त झोंबतो. मुक्कामासाठी किमान तापमानाचा वेगळा रकाना ठेवा. १२ च्या खाली जाड रजई, १० च्या खाली खोली.

निर्देशांकाला पाणी दिसत नाही. मेमध्ये तलाव आटून शंभर पावलं चिखल झाला, शेवाळ माजलं, ऑक्टोबरमध्ये डास वाढले, सांडव्यावरून पाणी चाललंय, यातलं काहीच त्या चार घटकांत येत नाही. वहीत त्यासाठी एक साधा रकाना असू द्या: पाण्याची कड पायऱ्यांपासून किती पावलांवर.

आणि त्याच्या शेजारी अजून एक: पाहुणे काठावर किती मिनिटं थांबले. एक हंगाम संपला की हा रकाना गुणांच्या रकान्याशेजारी लावून पाहा. ८० गुणांच्या संध्याकाळी माणसं वीस मिनिटांत उठून जात असतील, तर आधी उष्म्याचा तक्ता तपासा, मग तापमापकाची पेटी कुठे लावली आहे ते.